पुराच्या पाण्यात होडी: गोव्यातल्या नद्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली तालुक्यात नदीकाठी आम्ही काही जण मुलांना आणि मोठ्यांनाही वल्हवायला शिकवतो. मृग लागला की फोन सुरू होतात आणि दरवर्षी साधारण तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पावसाळ्यात नदीत होडी घालायला बंदी असते का?

१ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी यांत्रिक मासेमारीला असते आणि ती समुद्रासाठी आहे. पर्यटकांच्या जलक्रीडा पावसाळ्यात बंदर कप्तान खात्याच्या आदेशाने थांबतात. नदीवरची फेरीबोट मात्र चालूच असते. पाणी किंवा वारा फारच वाढला, तर तीही थांबवतात.

स्वतःची वल्ह्याची होडी असेल, तर मी एकच खूण सांगतो. तुमच्या भागातली फेरीबोट थांबली, की तुमची होडीही काठावर हवी. फेरीबोट लोखंडी, जड आणि इंजिनाची; तिचे चालक दिवसातून वीस वेळा तेच पाणी ओलांडतात. त्यांना जे पाणी नको वाटतं, ते आपल्याला झेपणार नाही. उलटं मात्र खरं नाही. फेरीबोट चालते आहे म्हणजे होडी सुरक्षित, असं समजू नका.

२. आमच्याकडे दोन दिवस ऊन आहे. तरी नदी का चढली?

कारण तुमच्या नदीचं पाणी तुमच्या गावात पडतच नाही. मांडवी म्हणजे आपली म्हादई. ती उगम पावते कर्नाटकात, खानापूर तालुक्यातल्या देगावच्या रानात. घाटमाथ्यावर रात्रभर कोसळलं, तर पणजीत चांदणं असतानाही सत्तरीत सकाळी पाणी लाल होऊन येतं. शापोरा नदीचं तसंच. तिच्या वरच्या अंगाला दोडामार्गात तिळारीचं धरण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथून पाणी सोडलं तेव्हा साळ, इब्रामपूर, कोलवाळ या काठच्या गावांत पाणी शिरलं होतं. सत्तरीत अंजुणे, सांग्यात साळावली. आपल्या वरच्या बाजूला कोणतं धरण आहे, हे होडी घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक पाहिजे.

म्हणून आकाश बघताना डोक्यावरचं बघू नका, पूर्वेकडचं बघा. घाट काळा दिसतो आहे का? जलस्रोत खात्याने विसर्गाची सूचना दिली आहे का? हवामान खात्याचा इशारा पिवळा, नारिंगी की लाल?

आणि स्वतः नदी काय सांगते ते वाचा. आमचे बाबा काठावर पाण्याच्या रेषेला एक काटकी रोवायचे आणि मगच होडीत सामान भरायचे. भरून होईपर्यंत काटकी पाण्यात गेली, तर सामान परत काढायचे. ओहोटी असतानाही काटकी बुडत असेल, तर वरून पूर येतो आहे हे नक्की समजावं. पाण्याचा रंग अचानक बदलणं, ओली हिरवी पानं आणि काटक्या वाहत येणं, काठाने फेसाचे पट्टे दिसणं, या सगळ्या त्याच खुणा. सुकी पानं म्हणजे काठावरचाच कचरा. हिरव्या फांद्या आल्या तर वर कुठेतरी झाडं मोडलीत.

३. नदी गोड्या पाण्याची. मग भरती-ओहोटी कशाला बघायची?

आपल्या नद्या समुद्राच्या मुठीत आहेत. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत पोहोचतो. पुनव आणि अवसेच्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत सव्वादोन मीटरच्या आसपास फरक असतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तो मीटरभरावर येतो.

घाटाचं पाणी खाली उतरतं आहे आणि त्याच वेळी ओहोटी लागली, तर दोघं एकाच दिशेने ओढतात. वर्षातली सगळ्यात जोरकस धार तुम्हाला तेव्हा दिसते. भरती आणि पूर एकमेकांसमोर आले, तर ओढ कमी होते, पण पाणी तुंबून वर चढतं. साखळीत वाळवंटी नदी काठ सोडते ती बहुधा अशा वेळी. थोडक्यात, भरतीत पुराची भीती घराला आणि ओहोटीत होडीला.

ओहोटी सुमारे सहा तासांची. तिचा जोर सारखा नसतो. सुरुवातीला मंद, तिसऱ्या-चौथ्या तासाला सर्वांत जास्त, शेवटी पुन्हा मंद. नदी ओलांडायचीच असेल, तर भरती पूर्ण होण्याच्या आसपासचा शांत वेळ निवडा. तक्त्यातली वेळ मात्र मुखाजवळची असते. आत जावं तसं भरती उशिरा पोहोचते, आणि किती उशिरा ते तुमच्या गावचा जुना नाखवा सांगेल. भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा काल चालली ती वेळ आज चालत नाही.

मोठ्या पुरात हा शांत वेळ येतच नाही, हेही लक्षात ठेवा. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगत वरच्या थरातून समुद्राकडे वाहत राहतं. तळाशी भरती आत येत असते आणि तुमची होडी बाहेर ओढली जात असते.

४. ओढ किती आहे हे डोळ्यांनी कसं ओळखायचं?

काठाने दहा पावलं, म्हणजे साधारण सात मीटर, मोजा आणि वाहती काटकी ते अंतर किती सेकंदांत कापते ते बघा. सात सेकंद लागले, तर वेग सेकंदाला एक मीटर, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटरच्या वर. चांगला वल्हवणारा भरल्या होडीत टिकून राहतो तो वेग ताशी चारच्या आसपास. म्हणजे तुमची सगळी ताकद जागच्या जागी राहण्यातच संपली. तीही काठाची धार. मध्यावर आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला ती नेहमीच जास्त असते.

वेग दुप्पट झाला, तर पाण्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी आडव्या होडीच्या एका चौरस मीटरवर सुमारे ५० किलोंचा भार टाकतं. दोन मीटर वेगाला तोच भार २०० किलो. ‘कालच्यापेक्षा थोडीच जास्त ओढ आहे’ असं कुणी म्हणतं, तेव्हा मला हे आकडे आठवतात.

५. पुराच्या दिवसांत पलीकडे जाताना नाळ (होडीचं पुढचं टोक) कुठे धरायची?

समजा नदी १०० मीटर रुंद आहे, ओढ सेकंदाला एक मीटर आणि तुमचा वेग १.२ मीटर. नाळ सरळ पलीकडच्या काठाकडे धरली, तर ८३ सेकंदांत पोहोचाल, पण ८३ मीटर खाली. बरोबर समोरच लागायचं असेल, तर नाळ बरीच वरच्या अंगाला वळवावी लागते आणि वेळ अडीच मिनिटांवर जातो. ओढ दीड मीटर झाली, की समोर लागणं शक्यच नाही. कितीही वल्हवा, खालीच जाल.

यातून दोन गोष्टी निघतात. निघायचं ते उतरायच्या जागेच्या बऱ्याच वरून; आधी काठाकाठाने वर जा आणि मग ओलांडा. आणि दुसरी, जिचा विसर पडतो: उतरायच्या जागेच्या खाली काय आहे ते आधी बघा. चुकलात तर तिथे मोकळा काठ आहे, की पुलाचे खांब, नांगरलेली बार्ज, कांदळवन? खाली मोकळा काठ नसेल, तर ती जागा ओलांडायची नाही. बाकी सगळं जमत असलं तरी नाही.

ओढीत होडी कधी पूर्ण आडवी होऊ देऊ नका. उलांडी, म्हणजे तोल सांभाळायला बाजूला जोडलेला ओंडका, असलेली होडी तरी सांभाळून घेते, असं पुष्कळांना वाटतं. शांत पाण्यात ते खरं. पुरात वाहत्या फांद्या त्या उलांडीतच अडकतात आणि होडी तिच्याभोवती गरकन फिरते.

६. मला पट्टीचं पोहता येतं. तरी लाइफ जॅकेट?

हो. बुडणाऱ्यांत पोहणारे असतातच. गढूळ पाण्यात डोक्याला ओंडका लागला, की पोहणं येणारा आणि न येणारा सारखेच. जॅकेटचे सगळे पट्टे घट्ट हवेत. खांद्याला धरून वर ओढलं आणि ते कानांपर्यंत आलं, तर ते तुमच्या मापाचं नाही. गमबूट आणि लांब रेनकोट होडीत नकोत.

७. पाण्यात पडलोच तर काय करायचं?

वाहत्या उथळ पाण्यात उभं राहू नका. सत्तरीच्या दगडाळ पात्रात दोन दगडांत पाय अडकला, की मागचं पाणी माणसाला पुढे वाकवून दाबून धरतं, कमरेएवढ्या पाण्यातही. पाठीवर व्हा, पावलं पाण्यावर आणि खालच्या दिशेला ठेवा, म्हणजे दगड आला तर पाय आधी लागतील. हातांनी तिरकं काठाकडे सरकत राहा. पाणी गुडघ्याच्या खाली आलं, की मगच उभं राहायचं.

पुढे पाण्यात आडवं झाड दिसलं, तर हे सगळं उलटं करायचं. लगेच पोटावर व्हा आणि जिवाच्या आकांताने झाडापासून दूर पोहा. ते शक्य नसेल, तर पोहत त्याच्यावर आदळा आणि छातीने वर चढा. पाणी फांद्यांतून गाळल्यासारखं निघून जातं, माणूस मात्र खाली अडकून राहतो.

उलटलेली होडी नेहमी तुमच्या खालच्या बाजूला असू द्या. ती वरच्या अंगाला असेल, तर ती आणि खांब किंवा दगड यांच्यामध्ये तुम्ही चिरडले जाल. रुंद खाडीत, जिथे काठ लांब आहे, तिथे होडी सोडू नका. उलटली तरी ती तरंगते, आणि शोधणाऱ्याला डोकं दिसत नाही, होडी दिसते.

८. बंधाऱ्यावरून पाणी अगदी गुळगुळीत पडतंय. कायाक वरून घसरवता येईल?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात राहणार असेल, तर हे राहू दे.

बंधाऱ्यावरून पडलेलं पाणी पायथ्याशी खाली जातं, थोडं पुढे वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडेच परत येतं. त्या फिरत्या पाण्यात ओंडका तासन्‌तास तिथेच गरगरताना तुम्ही पाहिला असेल. माणूसही तसाच फिरतो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे जॅकेटही नेहमीसारखं उचलत नाही. वरच्या बाजूने येताना तर बंधारा दिसतही नाही. पाण्याची फक्त एक सरळ रेषा दिसते आणि तिच्या पलीकडे काहीच नाही.

मी एकोणीस वर्षांचा असताना सत्तरीत अशाच एका बंधाऱ्याच्या वर वीस-पंचवीस मीटरवर उलटलो. काठाच्या बांबूचा एक कोंब हाताला लागला. माझी होडी खाली गेली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती त्याच जागी फिरत होती. काठावर बसून मी ती बघितली आहे. तेव्हापासून प्रत्येक फेरीआधी त्या पट्ट्यातले सगळे बंधारे आम्ही पायी जाऊन बघतो, आणि होडी काठाने उचलून पलीकडे नेतो.

९. मानशीजवळ मासळी चांगली लागते. होडी तिथे लावू का?

खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतीच्या) बांधातली मानस, म्हणजे पाण्याचं दार, भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. पावसाळ्यात आत शेतात पाणी तुडुंब असतं आणि बाहेर ओहोटीने पातळी खाली गेलेली असते. दारं उघडली, की तो सगळा साठा त्या अरुंद तोंडातून सुटतो. बाहेरच्या बाजूला भोवरे होतात, आणि आतल्या बाजूला होडी दाराकडे खेचली जाते. आतून तर कधीच जवळ जाऊ नका. बाहेरून जायचं, तर दारं मिटलेली असताना जा आणि ओहोटी लागायच्या आत निघा. वेळा कशा काढायच्या ते प्रश्न ३ मध्ये आहे.

१०. घरासमोर होडी बांधली आहे. पूर आला तर दोर सैल हवा की घट्ट?

होडी आधीच ओढून उंचावर घेतली, तर हा प्रश्न उरत नाही. ते जमत नसेल, तर वरच्या अंगाच्या जाड झाडाला नाळेकडून एकच लांब दोर बांधा. घट्ट बांधली, तर पाणी चढताना नाळ खाली ओढली जाते आणि होडी बांधलेल्या जागीच भरते. मागच्या बाजूने बांधलेली होडी त्याहून लवकर भरते. गाठ ताण असतानाही सुटेल अशी हवी, आणि कोयता हाताशी.

वाहत्या धारेत नांगर टाकून गळ लावणाऱ्यांनाही हेच लागू आहे. नांगर तळाशी अडकला आणि ओढ वाढली, तर तो होडीला धरून ठेवत नाही, बुडवतो. अशा वेळी नांगराचा मोह नको, दोर कापा.

११. मांडवीतून समुद्राच्या तोंडापर्यंत जाऊन लगेच परत आलो तर?

पावसाळ्यात नको. आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा उंचवटा, आहे. नैऋत्येच्या लाटा त्यावर चढतात, आणि समोरून पुराची ओहोटी त्यांच्यावर आदळली, की त्या उभ्या होऊन फुटतात. खनिजाच्या बार्जसुद्धा पावसाळ्यात या मुखातून न जाता कुंभारजुवे कालव्यातून जुवारी नदीत उतरायच्या, त्याचं कारण हेच. २०१७ च्या जुलैत एक भलंमोठं कॅसिनो जहाज इथून आत येताना भरकटून मिरामारच्या वाळूत रुतलं होतं. परत फिरायचं ठरवाल तेव्हा होडी लाटेला आडवी होते, आणि उलटते ती त्याच क्षणी.

१२. म्हादईवर पुरातच राफ्टिंग चालतं. मग आम्हीच का थांबायचं?

सत्तरीत उस्ते ते सोनाळ हा सुमारे दहा किलोमीटरचा पट्टा २०१२ पासून राफ्टिंगसाठी वापरला जातो. तिथलं पाणी रोज बघणारे वाटाडे असतात, डोक्यावर हेल्मेट असतं, फेकायचा दोर घेतलेली माणसं असतात. राफ्ट हवेने भरलेली असते; दगडाला लागली तर फुटत नाही, उसळते. पातळी जास्त झाली, की तेही फेरी रद्द करतात. लाकडी किंवा फायबरच्या होडीत यातलं काही नसतं. खळाळत्या पाण्याची आवड असेल, तर त्यांच्याबरोबर जा. आवड चांगलीच आहे.

१३. इंजिन लावलंय. मग ओढीचं काय?

इंजिन चालू असेपर्यंत ठीक. पुरात प्लास्टिक, जाळ्यांचे तुकडे, गवत पंख्यात गुंडाळलं जातं आणि इंजिन बंद पडतं ते नेमकं मध्यावर. वल्ही आणि हाताशी तयार नांगर नसेल, तर इंजिनाची होडीही नको. नांगर टाकायचा तो नाळेकडून, धोक्याच्या जागेच्या बराच वर.

१४. गणपतीला सांगोड बांधतो. दोन होड्या एकत्र असल्या की उलटत नाहीत ना?

कुंभारजुव्याचा सांगोड मी लहानपणापासून बघतो आहे, आणि तो पाण्यावर सरकताना अजूनही अंगावर काटा येतो. दोन होड्या जोडल्या, की आडवं डोलणं खूप कमी होतं, हे खरं. पण वळणं जड होतं. वर माणसं आणि देखावा असल्यामुळे वारा धरतो, आणि मधल्या फटीतून पाणी जोराने घुसतं. तिथे ओंडका अडकला तर बांधलेल्या दोरांवर सगळा भार येतो. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात, म्हणजे घाटात पाऊस असतोच. माणसं मोजून चढवा, मुलांना जॅकेट घाला आणि एक मोकळी होडी खालच्या अंगाला उभी ठेवा. वेळ शक्यतो भरती पूर्ण होण्याच्या सुमाराची. जाणती मंडळी ती आधीपासूनच बघतात.

१५. दिवाडीवर माणूस आजारी आहे आणि फेरीबोट थांबली आहे. तेव्हाही होडी काढायची नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याला ‘थांबा’ म्हणून फोन ठेवता येत नाही. दिवाडी बेटाला पूल नाही. आधी १०८ आणि ११२ ला फोन करा. अग्निशमन दलाचा १०१. त्याच वेळी धक्क्यावर जाऊन फेरीबोटीच्या माणसांना सांगा. प्रवासी वाहतूक थांबलेली असली, तरी रुग्णासाठी काय करता येईल ते त्यांनाच ठाऊक असतं.

होडीच काढावी लागली, तर ती गावातल्या सर्वांत जाणत्या तांडेलाने काढावी, सर्वांत धाडसी मुलाने नव्हे. दोन वल्हवणारे, रुग्ण आणि सोबत एकच माणूस. पलीकडे रुग्णवाहिका पोहोचल्याचं कळल्यावरच निघा, आणि उतरायची जागा बरीच खाली धरा (प्रश्न ५). रुग्णाला जॅकेट घाला. स्ट्रेचरला किंवा होडीला त्याला कधीही बांधू नका. हलू नये म्हणून बांधण्याचा मोह होतो, पण होडी उलटली तर बांधलेला माणूस वर येऊ शकत नाही. रात्र असेल आणि पाण्यात झाडं वाहत असतील, तर उजाडेपर्यंत डॉक्टरांना फोनवर धरून रुग्णाला सांभाळणं हाच कमी धोक्याचा मार्ग ठरतो. हे सांगताना माझाही आवाज जड होतो.

१६. पूर ओसरला, ऊन पडलं. किती दिवसांनी होडी घालू?

दिवस मोजू नका, नदी बघा. पाणी पुन्हा भरती-ओहोटीप्रमाणे चढू-उतरू लागलं का? ओहोटीच्या तळाला उजेडात काठाने एकदा चालून या. २०२१ च्या २३ जुलैला सत्तरी, डिचोलीत मोठा पूर आला. तो उतरल्यावर आमच्या ओळखीच्या पात्रात वाळूचे पट्टे भलतीकडे गेलेले होते, आणि जिथे आम्ही डोळे मिटून होडी लावायचो, तिथे आख्खं आंब्याचं झाड मुळांसकट पाण्याखाली होतं. भरतीला ते दिसत नव्हतं.

पायाला जखम असेल, तर पुराच्या गाळात उतरू नका. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका खरा आहे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं आपणहून सांगा.

१७. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत म्हणतात. पुरात त्या बाहेर येतात का?

मगरी आहेत. पाणी चढलं, की त्याही काठाच्या झुडपांत आणि खाजनाच्या कडेला शांत जागा शोधतात. होडीतून हात-पाय बाहेर सोडू नका आणि गवताळ काठावर होडी लावण्याआधी वल्ह्याने आवाज करा. पण फोन करणारे दहापैकी नऊ जण मगरीचं विचारतात, आणि बंधाऱ्याचं क्वचित कुणी. प्रश्न ८ पुन्हा वाचा.